'वर्णद्वेषविरोधी' : एका शब्दाचा अर्थ आणि उगम

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यास मंडळातर्फे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सकाळी धम्मध्वज फडकला, बुद्धवंदना झाली, खीरदानही झाले. आता थोडा वेळ आम्ही अभ्यास मंडळाची मंडळी घेणार आहोत. दरवर्षी या दिवशी धम्मावर किंवा बाबासाहेबांच्या एखाद्या ग्रंथावर व्याख्यान होते. यंदा विषय एका शब्दाचा आहे. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसाने मानेवर गुडघा दाबून मारले. तेव्हापासून आपल्या मुलामुलींच्या तोंडी 'अँटी-रेसिस्ट' हा शब्द येऊ लागला. आम्ही विचारलं, बाळांनो, म्हणजे काय? उत्तर आलं, 'जो रेसिस्ट नाही तो.' हे उत्तर पुरे की अपुरे, यावर मंडळात चांगले दोन रविवार वाद चालला. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी शब्द तपासू. रेस म्हटलं की मुंबईकराला महालक्ष्मीचे घोडे आठवतात. (हशा) पण घोड्यांचा आणि या शब्दाचा संबंध खरोखरच आहे. १६११ साली सेबास्टियन दे कोवारुबियास या स्पॅनिश विद्वानाने मोठा शब्दकोश केला. त्यात 'रासा' या शब्दाचा अर्थ दिला आहे तो उत्तम पैदाशीच्या घोड्यांचा. आणि पुढे म्हटले आहे की माणसांच्या कुळाविषयी हा शब्द वाईट अर्थाने येतो, अमक्यात मुसलमानाची 'रासा' आहे, तमक्यात यहुद्याची आहे, असा. हा अर्थ सांगताना कोशकाराने जो दुसरा शब्द वापरला तो 'कास्ता'. हाच 'कास्ता' पोर्तुगीजांनी गोव्याच्या किनाऱ्यावर आणला, आपल्या जातीला चिकटवला, आणि त्यावरून इंग्रजीत 'कास्ट' झाला. म्हणजे रेस आणि कास्ट हे दोन शब्द स्पेन-पोर्तुगालच्या एकाच अंगणात वाढले. पैदाशीची शुद्धता, रक्ताची भेसळ, ही भाषा दोघांच्याही पाठीमागे आहे.

मराठीत आपण 'वर्णद्वेष' म्हणतो. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांतून हा शब्द घरोघरी पोहोचला. आता 'वर्ण' म्हणजे रंग, आणि 'वर्ण' म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्णही. तेव्हा 'वर्णद्वेषविरोधी' असे मराठीत म्हटले की एका दगडात दोन्ही गोष्टींना हात लागतो. इंग्रजीला हे जमत नाही. पण याच्यात एक धोकाही आहे. त्याकडे मागाहून येतो.

आता 'रेसिझम' या शब्दाचा जन्म. हा शब्द फार जुना असेल असे आम्हांला वाटत होते. गुलामांची जहाजे तर चारशे वर्षांपूर्वीची. पण इंग्रजीत 'रेसिझम' हा शब्द आढळतो तो १९०२ साली. बोलणारा होता रिचर्ड हेन्री प्रॅट नावाचा अमेरिकन लष्करी अधिकारी. न्यूयॉर्क राज्यातील लेक मोहोंक येथे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ज्यांना तेव्हा रेड इंडियन म्हणत त्यांच्या, 'हितचिंतकां'ची परिषद भरत असे. तिथे प्रॅट म्हणाला की कोणत्याही वंशाला वेगळे कोंडून ठेवू नये, एकत्र मिसळल्यानेच रेसिझम नष्ट होईल. वाक्य ऐकून टाळ्या वाजवाव्यात असेच आहे, नाही का?

पण थांबा. हा प्रॅट कोण? १८७९ साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईल इथे, जुन्या लष्करी बराकींत, त्याने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. दूरदूरच्या टोळ्यांतून मुले आणली. आल्याबरोबर त्यांचे केस कापले. नावे बदलली. आपली भाषा बोलायला बंदी. कपडे, देव, गाणी, सगळे काढून घेतले. अनेक मुले तिथेच आजाराने मेली, त्यांची थडगी आजही तिथे आहेत. प्रॅटचे म्हणणे असे की त्या मुलातला 'इंडियन' मारला म्हणजे माणूस वाचतो. म्हणजे ज्याच्या तोंडून रेसिझमच्या विरोधात हा शब्द पहिल्यांदा निघालेला दिसतो, तोच माणूस एका समाजाला त्याच्या आईची भाषा विसरायला लावत होता. 'तुम्ही आमच्यासारखे व्हा, मग भेद राहणार नाही.' ही ऑफर आपल्याला नवीन नाही. आपल्यालाही किती जणांनी सांगितले की तुम्ही जयंती, निळा झेंडा, वेगळा विहार हे सगळे सोडा, मुख्य प्रवाहात या, म्हणजे जात आपोआप जाईल. भेद मिटवणे आणि दुबळ्याला मिटवणे यांत फरक आहे. तो प्रॅटला कळला नाही, की कळूनही कळला नाही, कोण जाणे.

त्यानंतर या शब्दाला आजचा अर्थ आला तो हिटलरमुळे. मॅग्नस हिर्शफेल्ड हे जर्मनीतले यहुदी डॉक्टर. १९३१ साली जगप्रवासात ते भारतातही येऊन गेले होते. १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी बर्लिनमधली त्यांची संस्था लुटली आणि पुस्तकांची होळी केली. फ्रान्समध्ये परागंदा असताना त्यांनी ग्रंथ लिहिला, त्याचे नावच 'रेसिझम'. १९३५ साली ते वारले, आणि ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९३८ साली निघाले. ज्याची संस्था जाळपोळीत गेली त्याने आपल्या छळणाऱ्याच्या विचाराला नाव दिले. आमच्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. जोवर रोगाला नाव नसते तोवर रोगी स्वतःलाच दोष देतो. रोगाला नाव मिळाले की मगच त्याच्याविरुद्ध 'विरोधी' हा शब्द जोडता येतो. 'अँटी-रेसिस्ट' हा शब्द त्याच काळात, १९३० च्या दशकात, रूढ होऊ लागला तो यामुळे.

इथे बाबासाहेबांच्या विद्यापीठाचा संबंध येतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रान्झ बोआस हे मानववंशशास्त्राचे मोठे आचार्य होते. उच्च वंश, नीच वंश ही कल्पना शास्त्राला धरून नाही, हे त्यांनी जन्मभर मांडले. त्यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. पुढे बोआस यांच्याच दुसऱ्या शिष्या रूथ बेनेडिक्ट यांनी जीन वेल्टफिश यांच्यासह १९४३ साली 'मानवजातीचे वंश' ही छोटी पुस्तिका लिहिली. ती सैनिकांत वाटायची होती. तिच्यात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बुद्धिचाचणीचे आकडे होते. उत्तरेतल्या काही राज्यांतल्या काळ्या सैनिकांचे गुण दक्षिणेतल्या काही राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांपेक्षा जास्त निघाले होते! कारण साधे. उत्तरेत शाळांवर खर्च जास्त होत होता. गुण कातडीचे नव्हते, शाळेचे होते. पण केंटकी राज्याच्या एका गोऱ्या लोकप्रतिनिधीने आरडाओरड केली, आणि १९४४ साली लष्करात पुस्तिकेचे वाटप थांबले. हिटलरच्या वंशवादाशी लढायला निघालेल्या फौजेला वंशवादविरोधी पुस्तिका चालेना! त्या फौजेत काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या पलटणी तेव्हा वेगवेगळ्याच होत्या, हेही ध्यानात असू द्या.

आता आमच्या वादाच्या मुद्द्यावर येतो. 'रेसिस्ट नाही' आणि 'रेसिझमविरोधी', फरक काय? २०१९ साली इब्राम केंडी या अमेरिकन अभ्यासकाचे पुस्तक गाजले. त्यांचे म्हणणे असे की रेसिस्टच्या उलट 'रेसिस्ट नाही' हा शब्द नसून 'अँटी-रेसिस्ट' हा आहे, मधली जागा नाहीच. हे बोलणे आम्हांला पटते. पण त्याचा खरा कस दक्षिण आफ्रिकेत लागला, आणि तो जास्त शिकण्यासारखा आहे.

१९४८ साली तिथे नॅशनल पार्टी निवडून आली आणि 'अपार्टहाइड' हे राज्याचे धोरण झाले. या शब्दाचा सरळ अर्थ 'वेगळेपणा'. ऐकायला किती सोज्वळ! गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. बाकांवर, स्टेशनांवर, दवाखान्यांच्या दारांवर पाट्या लागल्या. एक पाटी गोऱ्यांची, दुसरी 'नॉन-व्हाइट', म्हणजे 'गोरे नसलेले'. आता बघा, एका माणसाला तो कोण आहे ते सांगायचेच नाही. तो काय नाही तेवढेच सांगायचे. १९६९ साली स्थापन झालेल्या विद्यार्थी संघटनेत स्टीव्ह बिको आणि त्यांच्या सोबत्यांनी हा शब्दच फेकून दिला. आम्ही 'गोरे नसलेले' नाही, आम्ही काळे आहोत, असे ते म्हणाले. आणि 'काळे' या नावाखाली आफ्रिकन, भारतीय वंशाचे आणि मिश्र वंशाचे, असे पायाखाली दडपलेले सगळे आले. बिकोंना १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या कोठडीत मरण आले. त्यांचे वय होते तीस.

'अस्पृश्य' हा शब्दही तसाच. 'स्पर्श करू नये असा'. आपण काय नाही ते सांगणारा. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले ते अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. आणि त्याच्याही आधी, १९५६ च्या अशोक विजयादशमीला नागपुरात, बाबासाहेबांनी आपल्याला 'बौद्ध' हे नाव दिले. त्यात कोणाचाच नकार नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या स्वातंत्र्यानंतरच्या १९९६ च्या राज्यघटनेत पहिल्याच कलमात 'नॉन-रेशियलिझम', म्हणजे वंशभेदरहितता, हे मूल्य आहे. तेव्हा आमच्या मंडळात एकाने विचारले की एवढे लढलेले लोक 'नॉन' म्हणतात, मग 'अँटी'चा आग्रह कशाला? प्रश्न चांगला होता. आम्ही त्याचा अर्थ असा लावला की 'नॉन' हे पोहोचायचे गाव आहे, 'अँटी' ही तिकडची वाट. गावाची पाटी घरावर लावली म्हणून कुणी गावाला पोहोचत नाही. ज्याच्या वाट्याला काहीच सोसणे आले नाही तो माणूस सहज म्हणतो, 'मी जात मानत नाही.' अहो, तुम्ही मानत नाही, पण तुमच्या सोसायटीत घर मिळते कोणाला? तुमच्या ऑफिसात बढती कोणाची अडते? १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा बसथांब्याजवळ खून झाला. तपास नीट झाला नाही. १९९९ च्या मॅकफर्सन चौकशी अहवालाने ठपका ठेवला तो पोलीस दलाच्या एकूण कारभारावर, 'संस्थात्मक रेसिझम' म्हणून. म्हणजे एखाद्या शिपायाच्या मनात द्वेष नसेलही, पण कारभाराची घडणच अशी की काळ्या माणसाला न्याय मिळत नाही. तिथे 'मी तसा नाही' हे उत्तर उपयोगाचे नाही.

हे ऐकून आपल्यापैकी कुणाला वाटेल की हे सगळे परदेशी झाले, धम्माचे काय? तर सांगतो. पालीतला 'अ' हा उपसर्ग बघा. अलोभ, अदोस, अमोह ही तीन कुशल मुळे आपण म्हणतो. अदोस म्हणजे नुसते 'द्वेष नसणे' काय? तसे असते तर झोपलेला माणूसही अदोस झाला असता. अभिधम्मात मैत्री म्हणजे हाच अदोस, अशी उकल आहे. म्हणजे शब्द नकाराचा, पण आत काम करणारी शक्ती होकाराची. तसेच सम्यक व्यायामाचे चार प्रयत्न: न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले टाकणे, न उपजलेले कुशल उपजवणे आणि उपजलेले वाढवणे. 'मी रेसिस्ट नाही' म्हणणारा फार तर पहिल्या पायरीवर उभा आहे. विरोधी म्हणवणाऱ्याला चारही पायऱ्या चढाव्या लागतात.

आणि मूळ प्रश्न तर तथागतांनी वासेट्ठ सुत्तात निकालातच काढला आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागला, माणूस जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने. भगवंतांनी आधी गवत, झाडे, किडे, मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांची उदाहरणे दिली. यांच्या जाती वेगळ्या आहेत, खुणाही वेगळ्या दिसतात. मग माणसाच्या केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेऊन सांगितले की अशी जातीची खूण इथे नाही. माणसांत जो फरक आहे तो फक्त नावांचा, कामावरून पडलेला. बोआसच्या अडीच हजार वर्षे आधी!

आता तो धोका, जो मघाशी राखून ठेवला होता. 'वर्णद्वेष' या एकाच शब्दात रंग आणि चातुर्वर्ण्य दोन्ही येतात म्हणून जात म्हणजेच वंश, असे समजू नका. बाबासाहेबांचे मत याच्या अगदी उलट होते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त ते दाखवतात की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया वंशाने एकच. जात ही रक्ताची विभागणी नव्हे, एकाच रक्ताच्या लोकांची विभागणी आहे. आर्य आक्रमकांच्या वंशसिद्धान्तालाही त्यांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात नकार दिला. पण जात आणि वंश एक नाहीत म्हणून लढाया परक्या आहेत, असेही ते मानत नव्हते. १९४६ सालीच त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या, कारण आपल्या लोकांसाठीही तसे पाऊल टाकण्याचा विचार होता. ड्यू बॉइस यांनी जुलैअखेर आपुलकीचे उत्तर पाठवले. त्याच्याही आधी, १८७३ साली, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून!

नुसत्या नावाने काय होते याचेही उदाहरण त्या 'जातिनिर्मूलना'तच आहे. लाहोरच्या मंडळाचे नाव होते 'जात-पात तोडक मंडळ'. नावात 'विरोधी'पेक्षाही जोरकस शब्द, 'तोडक'. त्यांनी बाबासाहेबांना १९३६ च्या परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषणाचा मसुदा पाहिला आणि पोटात गोळा आला, कारण त्यात जातीचे मूळ शास्त्रांच्या प्रामाण्यात आहे असे साफ लिहिले होते. तो भाग गाळा, म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद रद्द झाली. भाषण झालेच नाही! मग बाबासाहेबांनी स्वखर्चाने पंधराशे प्रती छापल्या, आणि आज जगभर तेच वाचले जाते. तोडक मंडळ मात्र त्यांच्या प्रस्तावनेमुळेच लोकांना ठाऊक. सहभोजने करणारे ते लोक वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांना भेद नको होता. भेदाचे मूळही हवे होते.

असाच प्रकार आपल्या सरकारचाही झाला. २१ डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार केला. त्याच्या पहिल्या कलमात वंश, रंग यांच्या जोडीला 'डिसेंट', म्हणजे जन्माने आलेले कूळ, हा शब्द आहे. तो शब्द सुचवला होता खुद्द भारताने. पण पुढे १९९६ साली त्याच कराराच्या समितीपुढे भारत सरकारने भूमिका घेतली की या शब्दात जात येत नाही. २००१ साली डर्बनच्या जागतिक परिषदेत आपले कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले, जातीचा प्रश्न मांडला, आणि सरकार तिथेही आडवे आले. शेवटी २००२ साली समितीने स्पष्ट केले की 'डिसेंट'मध्ये जातिभेद येतो. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. कागदावरचा एक शब्द कुठून कुठे जातो पाहा.

शेवटी आपल्या दाराशी येतो, कारण बाहेरच्यांना नावे ठेवणे सोपे असते. आपल्या शहरांत शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलांना लोक काय हाका मारतात, हे आपण ऐकतो. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलच्या नीदो तानिया या विद्यार्थ्याला केसांवरून आणि चेहऱ्यावरून चिडवून मारहाण झाली, त्यात तो गेला. अशा वेळी बौद्ध मुलगा बाजूला उभा राहून हसतो की मध्ये पडतो? आणि आपल्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मवर 'रंग' हा रकाना असतो की नाही? 'गोरी', 'निमगोरी', 'सावळी'. त्याच्याखाली 'पोटजात'. धर्माच्या रकान्यात बौद्ध, आणि दोन ओळी खाली पोटजात! मुलगी एम.एस्सी. झालेली, नोकरी करणारी, तरी आई हळूच विचारते, 'ताई, सावळी लिहू की निमगोरी?' त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. तिने रकाना छापलेला नाही.

पुढच्या मेळाव्याचे फॉर्म महिनाअखेरीस छापायला जाणार आहेत. हे दोन्ही रकाने काढावेत असा लेखी ठराव अभ्यास मंडळाने विहार समितीकडे दिला आहे. काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे की रकाने काढले तर लोक फोनवरून विचारतीलच, मग उपयोग काय. विचारू देत. निदान विहाराच्या शिक्क्याखाली तो प्रश्न छापला जाणार नाही. भोजनानंतर साडेतीन वाजता याच हॉलमध्ये त्यावर चर्चा आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर अवश्य थांबावे. महिला मंडळाने आधी बोलावे अशी आमची विनंती आहे, कारण तो फॉर्म बहुतेक घरांत त्याच भरतात.

जय भीम! नमो बुद्धाय!